काटकुळीतले तीन आर

माणसाला आपलं नाव केवढं हवंय, हे त्याच्या बायकोच्याही आधी जुळाऱ्याला कळतं. पोर्ट कॅरनच्या छापखान्यात मी एकोणतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत आलेय, त्यातली अकरा नवऱ्याच्या हाताखाली आणि बाकीची त्याच्या जागेवर; तेव्हा हे ऐकीव नाही. चॅपलचे पाळक येतात. "मिसेस हॉस्किंग, देवाचं नाव मोठं, माझं आपलं बारीक." प्रूफ दाखवलं की चष्मा पुसतात. "बारीक म्हणजे... इतकं बारीक नव्हे." बँडचा मास्तर स्वतःच्या नावाबद्दल चकार शब्द काढत नाही, फक्त ट्रॉम्बोनवाल्याचं थोडं कमी करायला सांगतो.

इतक्या वर्षांत लाजलज्जा न बाळगता बोलला तो एकच. रेज ऑर. "एनिड, कागद संपेपर्यंत मोठं कर."

आणि रेजचं नशीबही तसंच. आमच्या किनाऱ्यावर सगळी खाणवाल्यांची औलाद. कॉर्नवॉलहून येताना आजोबा-पणजोबांनी कुदळी आणल्या आणि त्याहून लांब आडनावं आणली. ऑरच्या घराण्याला मात्र तीन अक्षरं. ओ, आर, आर. ती मी ढब्बू खिळ्यांत लावायची. ढब्बू म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत मोठे लाकडी खिळे, एकेक अक्षर पावाच्या लादीएवढं रुंद. तीन अक्षरांत कागद या काठापासून त्या काठापर्यंत भरायचा. रेज कुंपणाचे खांब आणि तार विकतो, उंचीने माझ्या खांद्याला लागतो, आणि सहा वर्षं गावच्या इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष होता. सहाही वेळा विरोधात कोणी नव्हतं. तरी पोस्टर हवंच.

अठ्ठावन्न सालच्या मार्चात मात्र विरोधात कोणीतरी उभं राहिलं, आणि ते माणूस म्हणजे मिस पोल्किंगहॉर्न.

इन्स्टिट्यूटमध्ये पुढे हॉल आणि मागे वाचनालयाची खोली. त्या खोलीत मिस पोल्किंगहॉर्न एकोणीस वर्षं ग्रंथपाल. रेजच्या मनात त्या खोलीत बिलियर्डचं टेबल घालायचं होतं, आणि पुस्तकं रंगमंचामागच्या कोठडीत, बँडच्या जुन्या गणवेशांबरोबर. मनात कसलं, टेबल त्याने मागवलंसुद्धा होतं. ॲडलेडहून येऊन ते स्टेशनच्या मालधक्क्यावर पडलं होतं, आणि स्टेशनमास्तर रोज रेजला विचारत होता, "हे कधी हलवतोयस? माझ्या कोंबड्या त्याच्यावर बसतायत." खोली द्यायची की नाही हे अध्यक्षाच्या हातात. म्हणून मिस पोल्किंगहॉर्नने अर्ज भरला. आयुष्यात पहिल्यांदाच कसल्यातरी निवडणुकीला उभी राहिली ती.

दुसऱ्या दिवशी रेज छापखान्यात आला, टोपी मागे सारून, हातात कमिटीचा ठराव.

"एनिड, यंदा सगळं रीतसर. कोणी म्हणायला नको रेज ऑरने अन्याय केला."

आमचे मालक मिस्टर ट्रेलोअर धावत बाहेर आले. वर्तमानपत्राचं मागचं पान ऑरच्या कुंपणाच्या जाहिरातीवर चालतं. रेजची गाडी दाराशी थांबली की मालकांची पाठ आपोआप वाकते.

मी ठराव वाचला. दोन्ही उमेदवारांची आडनावं एकाच पोस्टरवर. खिळे दोघांना एकाच जातीचे. छपाई एकाच दाबात, म्हणजे एकाचं गडद नि दुसऱ्याचं फिकं होणार नाही. हे सगळं जुनंच. एकतीस साली फिक्या शाईवरून दोन घराण्यांचं लग्न मोडलं होतं, तेव्हापासूनचा नियम. पुढची ओळ नवी होती. नाव एक फूट उंच, एका ओळीत, रस्त्यावरून गाडीत बसून वाचता यावं म्हणून. मावत नसेल तर फक्त पहिलं अक्षर. आणि पोस्टरवर जसं नाव तसंच मतपत्रिकेवर.

मी मनात मोजलं. ढब्बूची तीन अक्षरं मावतात. पोल्किंगहॉर्नला अक्षरं बारा.

"म्हणजे तिचा नुसता पी?" मी विचारलं.

"मी काय करू?" रेज म्हणाला. "मी थोडंच तिच्या आजोबांना सांगितलं होतं एवढं लांब नाव ठेवायला?"

"आणि पीवर फुली मारली आणि कोणी म्हणालं हा पी कुठला, तर?"

"तर मत संदिग्ध. बाद." रेज हसला. "नियम म्हणजे नियम, पोरी."

मी त्रेपन्न वर्षांची आहे. शाळेत रेज माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि माझ्या वेणीची टोकं दौतीत बुडवायचा. पोरी म्हणे.

दुपारी मिस पोल्किंगहॉर्न आली. उन्हाने रस्त्याचं डांबर पाघळत होतं, तरी हिच्या गळ्याशी सगळी बटणं लावलेली. तिने ठराव उभ्यानेच वाचला आणि घडी घालून काउंटरवर ठेवला.

"पी," ती म्हणाली. "पेंगेली, पॅस्को, पेनरोझ, पोलग्लेझ. या गावात पी म्हणजे अर्धं स्मशान, मिसेस हॉस्किंग."

"आणि उरलेलं अर्धं ट्रे," मी म्हटलं, कारण मागे मिस्टर ट्रेलोअर उभे होते.

ती हसली नाही. ती हसत नाहीच. हसायचं असलं की नाकपुड्या जरा फुलतात. "मला एवढंच सांगा. माझं नाव पूर्ण छापता येईल का?"

"ढब्बूत नाही."

"मी ढब्बूचं विचारलं नाही."

"मी काहीतरी बघते, मिस पोल्किंगहॉर्न. तुम्हाला जिंकवायला—"

"छे!" तिने हात वर केला, वाचनालयात कुजबुजणाऱ्याला करते तसा. "मला जिंकवू नका. मला छापा. ते रहस्याचं पुस्तक मंगळवारी परत यायला हवं होतं, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. खुनी कोण ते अजून कळलं नव्हतं, आणि बँडच्या गणवेशांत पुस्तकं गेली की कळणारही नव्हतं. तेव्हा माझाही यात थोडा स्वार्थ होता हे आधीच सांगून टाकते.

छापखान्याच्या मागच्या भिंतीला, सगळ्यांत खालच्या खणात, काटकुळी होती. हेही लाकडी खिळेच, पण ढब्बूच्या अगदी उलट. उंच, शिडशिडीत, खांद्याला खांदा लावून उभे. उभे दांडे काळेकुट्ट, जाड, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा केसासारख्या. टोकांना पापणीएवढ्या बारीक पट्ट्या. नवरा म्हणायचा, ही अक्षरं नव्हेत, ॲडलेडच्या शर्यतींना आलेल्या बायका आहेत, पोटात वारं आणि डोक्यावर टोपी. पूर्वी ऑपेराची फिरती मंडळी यायची तेव्हा त्यांच्या लांबलचक नावांसाठी ती काढायचे. मंडळी यायची थांबली आणि काटकुळी खाली गेली.

खण ओढला, धूळ फुंकली. पोल्किंगहॉर्न लावून बघितलं. काठापासून काठापर्यंत, एक बोट इकडे ना तिकडे. चॅपलच्या ऑर्गनच्या नळ्या रांगेत उभ्या राहाव्यात तसं. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "अरे वा" म्हणाले.

मग पट्टी लावली. उंची बारा इंच, बरोब्बर.

मग, सहजच, ढब्बूलाही पट्टी लावली. म्हणजे सहज नव्हे. जे मला एकोणतीस वर्षं माहीत होतं ते पुन्हा एकदा डोळ्यांनी बघून घेतलं. ढब्बूला सगळे फुटी म्हणतात, पण खिळा बनवणारा लाकूड स्वतःच्या बाजूने कापतो. साडेअकरा.

खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली असते, कुठलं अक्षर किती ते. लाकडी खिळे बेताचेच असतात. ओ तीन, एन दोन, आर तीन. आता हिशोब बघा. एकाच पोस्टरवर, एकाच दाबात, दोन्ही नावं. पोल्किंगहॉर्नला ओ दोन, ऑरला एक: तीन, आहेत. पोल्किंगहॉर्नला आर एक, ऑरला दोन: तीन. खणात मोजले तर दोन. यादीत तिसऱ्यापुढे नवऱ्याच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं: "ऑरकडे."

आणि मला आठवलं. आठवायला काय, गावातलं शेंबडं पोर सांगेल. बत्तीस साली रेजच्या बापाने दुकान काढलं तेव्हा आमच्या जुन्या मालकांना दोन पेगनंतर दानशूरपणाची उबळ आली आणि त्यांनी रेजचा म्हणून एक मोठा आर दुकानाच्या दारावर लावायला देऊन टाकला. दोन स्क्रूंनी ठोकला. पण खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं. कागदावर उमटलं की सुलटं होतं. दारावर तो गेली सव्वीस वर्षं उलटा आर उभा होता, पोट डावीकडे काढून. बाप करारी होता म्हणून तेव्हा कोणी बोललं नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. रेजला तो सुलटाच वाटतो. इतकी वर्षं रोज तोच बघितला ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी पिशवीत टाकून रेजच्या दुकानात गेले.

"रेज, ठरावात एक फूट लिहिलंय."

"मग?"

"ढब्बू साडेअकरा आहे."

रेजने डोळे बारीक केले. "अर्धा इंच कोण बघतंय?"

"मिस पोल्किंगहॉर्न. एकोणीस वर्षं ती पुस्तकात दुमडलेला कोपरा तीन फुटांवरून बघतेय."

"मग ठराव बदलतो."

"बदल की. सभा, दहा दिवसांची नोटीस, मग निवडणूक पुढे. तोपर्यंत तुझ्या टेबलावर कोंबड्या अंडी घालतील."

मी त्याला जरा शिजू दिलं. मग पिशवीतून काटकुळीचा ओ काढला आणि त्याच्या शेजारी, टेबलावर उभा केला.

"पुरे बारा इंच. आपल्याकडे याच्याहून उंच अक्षर नाही. ॲडलेडला मोठ्या दुकानांच्या काचेवर, ती बायकांच्या हॅटची, सेंटची, तिथे हेच. ढब्बू म्हणजे काय, बैलाच्या बाजाराला ठीक."

त्याने ओवर बोट फिरवलं. बुटक्या माणसाला कोणी उंच अक्षर देऊ केलं की काय होतं ते मी बघत होते.

"उंच आहे," तो म्हणाला.

"देखणा आहे. पण एक आर कमी पडतोय."

"कुठला आर?"

मी दाराकडे बघितलं. तोही दाराकडे बघू लागला.

"तो माझा आर आहे, एनिड."

"म्हणून तर विचारायला आले. नाहीतर—"

"देतो," तो म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला. "पण एक अट. माझा आर माझ्याच नावात. तिच्या नावात गेला तर बघ."

"शब्द," मी म्हटलं.

आर निघाला. दाराचा हिरवा रंग सव्वीस उन्हाळ्यांत पांढुरका पडला होता, आरमागचा तेवढा ताजा राहिला होता. स्क्रूंची दोन भोकं मात्र आरच्या जाड दांड्यातून आरपार गेली होती, एक वर, एक खाली.

"ही भोकं छपाईत पांढरी दिसतील रेज. मेण भरू का?"

"माझ्या बापाच्या आरला हात लावायचा नाही."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं?

शनिवारी प्रूफ काढलं. वर्तमानपत्राचं मोठं यंत्र रिकामं होतं. वर ऑर, खाली पोल्किंगहॉर्न, कारण ओ आधी येतो. रेज प्रूफ बघायला आला, मिस्टर ट्रेलोअर त्याच्यामागे. प्रूफ मी भिंतीला टाचलं होतं.

खाली बारा अक्षरं कागदभर. वर, मधोमध, पाण्याच्या टाकीवर बसलेल्या बगळ्यासारखं तीन अक्षरांचं ऑर. दोन्ही बाजूंना पांढरा कागद. एका आरला कोटाच्या बटणांसारखे दोन ठिपके.

"हे काय?" रेज ओरडला. "माझं नाव कुठाय?"

"ते काय. फूटभर उंच. मोजतोस?"

"एवढुसं!"

"तीनच अक्षरं आहेत रेज. मी थोडंच तुझ्या आजोबांना सांगितलं होतं—"

मिस्टर ट्रेलोअर खोकले. मी थांबले.

"पसरव," रेज म्हणाला. "कागद भर. एक अक्षर या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये."

"मिस्टर ऑर," मालक चाचरत म्हणाले, "मला वाटतं मधोमध जास्त..."

"तुला काय वाटतं ते तुझ्या पेपरात छाप, बर्नार्ड. ठरावात कुठे लिहिलंय अक्षरं चिकटून हवीत?"

खरंच लिहिलं नव्हतं. मी पसरवली. अंत्ययात्रेत भांडलेले तीन भाऊ लांब लांब उभे राहतात तसे ओ, आर, आर उभे राहिले. रेजने अगदी जवळ जाऊन बघितलं, नाक कागदाला लागेल इतकं. जवळून काटकुळी खरंच सुरेख दिसते. केसासारख्या रेषा, काळ्या दांड्यांची चमक. "आता झालं," तो म्हणाला.

काटकुळीचा एक गुण मला माहीत होता. तिच्या बारीक रेषा वीसेक पावलांवर मरतात. तीस पावलांवर ओची वरची-खालची कमान जाते आणि दोन उभे दांडे उरतात. एचची आडवी रेषा जाते आणि दोन दांडे उरतात. म्हणून नवरा ती पोस्टरं फक्त थिएटरच्या दारात, तिकिटाच्या रांगेशेजारी लावू द्यायचा. हे मी रेजला सांगायला हवं होतं का? त्याने विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं.

मिस पोल्किंगहॉर्नला मात्र सांगितलं. तिचं प्रूफ बघायला ती संध्याकाळी आली, तिच्याही नावाचं तेच होणार होतं.

"लांबून वाचता येणार नाही, मिस पोल्किंगहॉर्न. दोघांचंही."

तिने प्रूफवर बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं, पी पासून ई पर्यंत, बाराच्या बारा. शेवटच्या ई वर बोट थोडं थांबलं.

"बाबांच्या दगडावरसुद्धा जागा पुरली नव्हती," ती म्हणाली. "शेवटची तीन अक्षरं बारीक आहेत." मग पर्स बंद केली. "छापा. ज्याला वाचायचं असेल तो जवळ येईल. वाचनाचं तसंच असतं."

सोमवारी पोस्टरं लागली. सगळ्यांत मोठी जागा इन्स्टिट्यूटची बाजूची भिंत, रस्त्याकडे तोंड करून. रस्ता बैलगाड्या वळवायला आखलेला, चांगला पन्नास पावलं रुंद, आणि पलीकडे पबचा व्हरांडा. दुपारी साडेबाराला व्हरांड्यात सगळे शेतकरी, हातात थंड ग्लास, भिंतीकडे तोंड. मी मटण-बटाट्याची पास्टी आणायला बेकरीत चालले होते. बेकरीला जायला पबवरून जावं लागत नाही, पण गेले.

"ते काय लावलंय रे?" एक म्हणाला.

"कुंपण."

"कसलं कुंपण?"

"खालचं बघ. किती खांब आहेत? वीस-एकवीस. एका ओळीत, सरळ. मेंढरू सोड, ससा जायचा नाही."

"आणि वरचं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. वर पाच-सहा काळे खांब, मध्ये ही भगदाडं. एका खांबाला दोन भोकं.

तेव्हा म्हातारा जेबेझ पेंगेली बोलला. जेबेझ वर्षाला साधारण चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक त्याने तिथे खर्च केलं. "रेजने मागल्या वर्षी मला विकलं ते हेच."

व्हरांडा कोसळेल असं हसले लोक. एकाच्या नाकातून बिअर आली.

"वाळवीसकट!" दुसरा म्हणाला. "भोकं बघा की!"

संध्याकाळपर्यंत गावात नाव कोणी घेईना. "मोठ्या कुंपणाला देणार की भगदाडाला?" एवढंच. शाळेतली पोरं रस्त्यापलीकडून खांब मोजायची आणि मग खात्री करायला धावत भिंतीपाशी यायची, आणि तिथे आल्यावर त्यांना अक्षरं दिसायची. त्यातली सातआठ पोरं त्याच धावेत मागच्या खोलीत शिरली, असं मिस पोल्किंगहॉर्न नंतर म्हणाली.

रेज मंगळवारी छापखान्यात आला तेव्हा त्याची टोपी डोक्यावर नव्हती, हातात चुरगळलेली होती.

"पोस्टरं काढ. वाचता येत नाहीत."

"ठरावात उंची आहे. वाचता येण्याचं कुठे आहे?"

"'रस्त्यावरून गाडीत बसून वाचता यावं म्हणून,' लिहिलंय!"

मी ठराव काढला. "हो. म्हणून एक फूट. म्हणून म्हणजे कारण झालं, रेज. अट एक फूट. तूच लिहिलंयस. मिस्टर ट्रेलोअर, पट्टी देता?"

आणि इथे एक अघटित घडलं. मिस्टर ट्रेलोअरनी पट्टी आणली, भिंतीवरच्या प्रतीला स्वतः लावली आणि म्हणाले, "बारा इंच, मिस्टर ऑर. दोन्ही." एवढं बोलून ते आत गेले आणि खुर्चीत बसून पाणी प्यायले. पंचवीस वर्षांच्या मालकीत त्यांचं हे सगळ्यांत मोठं भाषण.

"मग माझी अक्षरं जवळ आण," रेज म्हणाला.

"सगळी पोस्टरं पुन्हा? दोघांची परवानगी लागेल. मिस पोल्किंगहॉर्नला विचारतोस?"

रेजने विचारलं असावं, कारण बुधवारी मला कळलं की त्याला उत्तर मिळालं होतं: "मिस्टर ऑर, तुम्ही मागितलंत तसंच छापलंय. मलाही."

शुक्रवारी सभा. हॉल गच्च, पंखे फिरताहेत, मागे बायकांनी स्कोन आणि चहा मांडलेला. मतपत्रिका हातात घेऊनच वाचायच्या असतात, तिथे दोन्ही नावं स्वच्छ, पूर्ण. पाळकांनी मोजली. मी मागच्या बाकावर बसून मिस पोल्किंगहॉर्नची पाठ बघत होते. ताठ, हलत नव्हती, फक्त एक हात पर्सचं कुलूप उघडत होता, लावत होता.

"मिस्टर ऑर, पंचावन्न," पाळक म्हणाले. "मिस पोल्किंगहॉर्न, एकसष्ट."

पर्सचं कुलूप लागलं. ती उठली, वळली, आणि सबंध हॉलने पहिल्यांदा तिच्या नाकपुड्या एवढ्या फुललेल्या पाहिल्या. भाषण एका वाक्याचं: "वाचनालय उद्या नेहमीच्या वेळी उघडेल." मग तिने माझ्याकडे बघितलं. "मिसेस हॉस्किंगनी मंगळवारचं पुस्तक आणावं."

एकसष्टातली किती मतं वाचनालयाची, किती कुंपणाची, आणि किती वेणी दौतीत बुडवल्याची, ते मी सांगू शकत नाही. शेवटच्या जातीचं एक नक्की. टेबल पबने घेतलं. कोंबड्या स्टेशनमास्तरकडेच राहिल्या.

सोमवारी रेज आला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"माझा आर."

कपाटावर काटकुळीचा खण उघडा होता. झाकणावरची "ऑरकडे" ही पेन्सिलची नोंद मी आदल्याच दिवशी खोडली होती. पण आर काढून दिला. माणसाच्या बापाची वस्तू.

तो घेतला नाही. "नको. भोकाभोकांचा आहे. लोक हसतात." मग म्हणाला, "दार मोकळं दिसतंय, एनिड. एखादा नवा छापून दे. जाड कागदावर. चिकटवतो."

मला वाईट वाटलं त्याचं. थोडंसं. भोकं नसलेल्या आरला शाई लावली आणि झकास आर काढून दिला, काळा, चकचकीत, केसासारख्या रेषा अगदी शाबूत. तो घेऊन गेला.

वीस मिनिटांत परत. चेहरा लाल, हातात आर.

"मस्करी पुरे झाली! उलटा छापलायस!"

"सुलटा आहे, रेज."

"दाराच्या खुणेशी लावून बघितला! पोट दुसरीकडे आहे!"

सव्वीस वर्षांचं एका वाक्यात कसं सांगायचं? मिस्टर ट्रेलोअर आतल्या खोलीत टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "तक्रार असेल तर अध्यक्षांकडे कर."

आणि तो गेला की! पाय आपटत रस्ता ओलांडून, आर झेंड्यासारखा धरून, थेट मागच्या खोलीत. मी मंगळवारचं पुस्तक परत करायच्या निमित्ताने मागोमाग गेले. मिस पोल्किंगहॉर्नने आर हातात घेतला, चष्म्यातून बघितला, रेजकडे बघितलं, पुन्हा आरकडे. खोलीतली पोरं श्वास धरून.

"बसा, मिस्टर ऑर," ती म्हणाली आणि खिडकीजवळची खुर्ची दाखवली. मग मेंढ्यांच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक त्याच्यापुढे उघडून ठेवलं. "अर्धा तास वाचा. घाई नाही. सगळे आर कुठे तोंड करून उभे आहेत ते बघा, मग तक्रार लिहून घेते."

रेज बसला. पहिल्या पानावर त्याने बोट ठेवलं आणि ते ओळीवरून हळूहळू सरकवायला लागला. एका जागी थांबलं. पुढे गेलं. पुन्हा थांबलं.

तक्रार काही त्याने लिहिली नाही. पण अर्धा तास झाल्यावरही उठला नाही. मेंढ्यांना कसला तरी पायाचा रोग होतो, त्यात गुंतला होता. जाताना पुस्तक बगलेत. मिस पोल्किंगहॉर्नने कार्डावर नाव लिहिलं, तीन अक्षरं, चिकटून.